चोवीस आत, पंचवीस बाहेर

वखारवाल्याचा ट्रॅक्टर आमच्या दारात थांबला आणि मुकादमाने ट्रॉलीत उभ्या उभ्या आमचं कटर उचलून अंगणात टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. तेही उलटं, दोरीची बाजू मातीत आणि पातं वर.

"म्हातारबांना सांगा," तो वरूनच म्हणाला, "साध्या पेट्रोलवर पळवून मशीन जाळलंत. आमच्याकडे आलं तेव्हाच मेलेलं होतं. मालकांनी सांगायला सांगितलंय."

मी भांडी घासत होते. साबणाचे हात घेऊन उठेपर्यंत ट्रॅक्टर वळलासुद्धा. मला चांगलं उत्तर नेहमी माणूस गेल्यावरच सुचतं, आणि त्या दिवशी तर चार सुचली.

हे कटर म्हणजे झाडं तोडायचं साखळीचं मशीन. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, माझ्या लग्नाच्याही आधी घेतलेलं. सगळं धातूचं, उचलताना कंबर बोलते. पातं एवढं लांब की उभं केलं तर माझ्या छातीला लागतं. आताची कटरं हलकी असतात, रंगीत असतात, पण जाड बुंधा समोर आला की त्यांचं पातं अर्ध्यातच संपतं. म्हणून तर हिवाळ्याच्या तोंडाला वखारवाला स्वतः चालत आमच्या दारी आला होता. "आबा, आठ दिवस द्या," म्हणाला. आठ दिवसांचे आठ महिने झाले. आणि आता आम्हीच ते जाळलेलं! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

पण बोंब अशी असते की ती आधी मारणाऱ्याचीच ऐकू जाते. या मशीनला साधं पेट्रोल चालत नाही. त्यात तेल कालवावं लागतं, एका बाटलीला दोन मापं. तेल नसलं की आतला दट्ट्या कोरडा घासतो आणि मशीन बसतं. हे आबांना शिकवायची गरज नाही. त्यांच्याकडे एक पितळी माप आहे, अंगठ्याएवढं, ते कायम सदऱ्याच्या खिशात. पण गेल्या दोन वर्षांत आबा विसरायला लागले होते. शेजाऱ्याचं नाव आठवायचं नाही. नळ चालू राहायचा. एकदा चष्मा डोळ्यावर असताना घरभर चष्मा शोधला आणि आम्ही सगळे हसलो, तेही हसले. त्यामुळे वखारवाल्याचं बोलणं लोकांना पटलं. म्हातारा विसरला असेल, तेल घालायचंच राहिलं असेल.

वखारीच्या टोळीत आबा चाळीस वर्षं तोडीचे गडी होते. पुढच्या सोमवारी मुकादमाने त्यांना फांद्या ओढायला लावलं. जेवताना त्यांच्या हातांवर ओरखडे दिसले तेव्हा मला कळलं. मशीन धरून धरून त्यांची बोटं पांढरी पडतात, टोचलेलं कळत नाही. काटा मोडून आत राहिला होता आणि त्यांना पत्ता नव्हता. मी सुईने काढला.

माझा नवराही वखारीतच कामाला, फळ्या रचायच्या कामावर. त्याच रात्री जेवण झाल्यावर त्याने हात पुढे केला. "आबा, माप माझ्याकडे राहू द्या. उगाच लोकांना बोलायला जागा नको."

आबांनी खिशातून माप काढलं, पुसलं आणि दिलं. मी ताटं उचलत होते. मीही म्हणाले, "होतं असं वयानं, आबा. मनाला लावून घेऊ नका."

मला ते तेव्हा मायेचं वाटलं होतं. आता आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

त्यानंतर मी एक वाईट सवय लावून घेतली. आबा काहीही करू लागले की मी मनात मोजायची. चहात साखरेचे चमचे, कोंबड्यांना दाण्याच्या मुठी, दाराच्या कड्या. एक, दोन. ओठ हलायचे माझे.

मग वादळ झालं. एका दुपारी तासभर वारा असा सुटला की पत्रे उडाले, आणि कालव्याच्या काठचा सगळ्यात जुना वृक्ष मुळासकट रस्त्यावर आडवा झाला. बुंधा एवढा की पलीकडचा माणूस दिसेना. त्याच्या मागे काठाने आणखी तीसेक झाडं कोलमडलेली. कालव्याचे साहेब आले, कपाळाला हात लावून उभे राहिले. वखारवाल्याची नवी कटरं लावून पाहिली. दोन धुराने गुदमरली आणि तिसऱ्याचं पातं बुंध्यात अडकून वाकलं. शहरातून लांब पातं मागवतो, असं वखारवाला म्हणाला, दहा दिवस लागतील.

"दहा दिवस रस्ता बंद ठेवू?" साहेब म्हणाले. "गुरुवारी सकाळी जो लांब पात्याचं मशीन चालू करून दाखवेल, काठाचं सगळं काम त्याचं."

नवऱ्याने हे घरी येऊन सांगितलं ते सहज, बातमी म्हणून. आबा अंगणात गेले. कटर इतके दिवस पोत्याखाली पडलेलं होतं, त्याच्यावरचं पोतं त्यांनी काढलं.

"मंगळवार आहे ना आज?" त्यांनी मला विचारलं.

"मंगळवारच."

"मग पुरे आहेत दोन दिवस. चुलीपासून लांब बसू. तू ये मदतीला, माझ्या बोटांना बारीक स्क्रू कळत नाहीत."

नवरा म्हणाला, "आबा, ते मेलंय." आबांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

आधी प्लग काढला. आबांनी भोकातून तेलाचे चार थेंब सोडले, दोरी हळूहळू ओढली. दट्ट्या करकरला, अडला, मग हलला. आबांनी भोकाला कान लावला. "ओरखडलाय, पण फुटला नाही. लोखंड चांगलं होतं म्हणून वाचला." मग झाकण उघडायची पाळी आली. टाकीचं झाकण गोल, जाड, मधे एक खाच. ते बोटांनी उघडत नाही. त्याची चपटी किल्ली आबांनी स्वतः घासून केलेली, कायम गळ्यातल्या दोऱ्याला. खाचेत किल्ली घालून त्यांनी फिरवली तेव्हा मला खाचेच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या.

झाकण निघालं आणि असा वास आला की मी तोंड फिरवलं. जुन्या रंगाचा, आंबलेला, डोळ्यांत जाणारा वास. टाकी उलटी केली तर थेंब पडेना. आत बोट घातलं तर बोटाला डिंकासारखं चिकटलं. चार स्क्रू सोडवून टाकी वेगळी केली. आतली नळी बाहेर ओढली तर ती वाळक्या शेंगेसारखी तुटली आणि टोकाची गाळणी पिवळ्या कीटाने बुजलेली.

आबांनी ते कीट नखाने खरवडलं, दोन बोटांत चोळलं आणि मला बोट दाखवलं. "तेलकट आहे का गं? मला कळत नाही. तू सांग."

मी चोळून पाहिलं. भुकटी झाली, काचेसारखी. "नाही. कोरडं आहे."

"म्हणजे साधंच पेट्रोल होतं." त्यांचा आवाज खाली गेला. "तेल असतं तर कीट काळं आणि ओशट येतं." "मी सुकवून दिलं होतं. दरवर्षी देतो तसं. टाकी रिकामी करायची आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. केलं होतं ना मी? तू होतीस का तेव्हा?"

मी नव्हते. मी माहेरी गेले होते. मी म्हणाले, "केलं असेल, आबा." त्या 'असेल'वर ते हसले. मला त्यांच्या हसण्याचा राग आला, आणि माझाही.

कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याकडून डबाभर थिनर आणलं. त्याने विचारलं, "कशाला?" मी सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, म्हाताऱ्या माणसाला आणि म्हाताऱ्या मशीनला निवांत बसू द्यावं." मी म्हणाले, "तुमच्या घराला रंग लावून किती वर्षं झाली ते आधी बघा." त्याने थिनर मात्र चांगलं दिलं.

टाकी धुवायची आबांची रीत अशी. टाकीत थिनर ओतायचं, अर्ध्याच्या वर नाही. मग मूठभर छोटे नट आत सोडायचे आणि झाकण लावून हलवायचं. नट आतून घासतात, कोपऱ्यातलंसुद्धा सोडत नाहीत. पण नट मोजून टाकायचे आणि मोजून काढायचे. एक जरी आत राहिला तर तो पुढे नळीच्या तोंडाशी जाऊन बसतो आणि मशीन भर कामात मरतं. आबांनी चोवीस नट मला मोजायला लावले.

"तुम्ही मोजा ना," मी म्हणाले.

"तूच मोज. नाहीतरी मोजतेसच."

माझ्या कानशिलाला चटका बसल्यासारखं झालं. त्यांना सगळं दिसत होतं तर.

बुधवारची सगळी सकाळ आम्ही आळीपाळीने टाकी हलवली. खुळखुळ, खुळखुळ. शेजारची बाई कुंपणावरून विचारून गेली, "बाळ होणार आहे का कुणाला?" हात भरून आले, खांद्यातून कळ निघाली. तासाला एकदा थिनर फडक्यातून गाळून ओतायचं, नवं घालायचं. पहिलं आलं ते चहासारखं, दुसऱ्यात पिवळे पापुद्रे. मग एकदा आवाज बदलला. खुळखुळीच्या आत टण् असा एक वेगळाच आवाज यायला लागला. आबांची मान वर झाली.

"ओत."

मी परातीत ओतलं. नट मोजले. चोवीस. आणि परातीच्या काठाशी आणखी एक, पंचविसावं काहीतरी. नट नव्हता. पत्र्याची गोल चकती, कोटाच्या मोठ्या गुंडीएवढी, मधे खिळ्याचं भोक, एक बाजू कीटाने मढलेली. मी फडक्याने घासली. आकडे उमटलेले होते. एकशे सत्तेचाळीस.

वखारीत प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर खिळ्याने असा बिल्ला ठोकतात. पूर्वी रंगाने आकडे काढायचे. बिल्ले आले ते गेल्या हिवाळ्यात, आमचं कटर वखारीत गेल्यानंतर. हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

आबांनी बिल्ला घेतला, झाकणाच्या खाचेत उभा धरला. चपखल बसला. कडा जिथे कुरतडल्या होत्या तिथेच.

"मी मुकादमाला किल्ली देत होतो," आबा म्हणाले. त्यांचा आवाज आता वेगळा होता. "म्हणाला, राहू द्या, झाकण उघडायला काय लागतं. बिल्ल्याने उघडलं. हातातून सुटला, आत पडला. काढायचा कंटाळा केला. साधं पेट्रोल घातलं, मशीन तापलं, बंद पडलं. उरलेलं आतच सुकलं आणि बिल्ला तळाला डिंकात चिकटला. म्हणून वाजला नाही इतके दिवस."

"चाळीस वर्षं त्यांच्यासाठी राबलात," मी ओरडले, "आणि तुम्हाला वेडं ठरवलं त्यांनी! भर टोळीत! फांद्या ओढायला लावल्या!"

"त्यांचं सोड. ते परके." आबा परातीतले नट एकेक करून वाटीत टाकत होते. "मलाच वाटायला लागलं होतं गं, की मीच केलं. रात्री झोप यायची नाही. आठवून आठवून डोकं शिणायचं. आणि घरात एकानंही विचारलं नाही, की आबा, तुम्ही केलंत का? सगळ्यांनी समजूतच घातली."

मी रिकामी परात धुवायला उचलली आणि स्वच्छ झाल्यावरही घासतच राहिले.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी बिल्ला त्याच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. तो ऐकत गेला, काळवंडत गेला. मग म्हणाला, "उद्या तिथे तमाशा करू नकोस. मला रोज त्याच वखारीत जायचंय."

"माप दे," मी म्हणाले.

त्याने दिलं. मी ते आबांना नेऊन दिलं. त्यांनी पुसलं आणि खिशात घातलं.

गुरुवारी सकाळी नवी नळी, नवी गाळणी घातलेलं, उन्हात वाळवलेल्या टाकीचं कटर अंगणात तयार होतं. आबांनी पेट्रोलची बाटली पुढ्यात घेतली आणि माप भरलं. माझे ओठ हललेच. एक, दोन. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि झाकण लावलं.

कालव्यावर निम्मं गाव जमलेलं. वखारवाला खुर्ची मागवून बसला होता, पाय पसरून, जणू झाड त्याच्याच पायाशी पडलंय. साहेब घड्याळ बघत उभे. नवऱ्याने कटर खांद्यावरून उतरवलं. उतरवतो न उतरवतो तोच वखारवाला मोठ्याने म्हणाला, "साहेब, लांब उभे राहा. आधी विचारून घ्या पेट्रोल कुणी कालवलंय. म्हातारबांनी कालवलं असेल तर मी चाललो घरी."

लोक हसले. मुकादम सगळ्यात जोरात हसला.

साहेबांनी नवऱ्याकडे पाहिलं. "कोणी कालवलं?"

नवऱ्याने एकदा आबांकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे. "मी," तो म्हणाला. "मी कालवलंय, साहेब."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे मी शाळेत घोकलं होतं. तो दांडा दिसतो कसा ते त्या दिवशी पाहिलं. आबांनी फक्त खिशावर हात ठेवला, माप होतं त्या खिशावर.

"खोटं आहे," मी म्हणाले. आवाज फाटला माझा, पण थांबला नाही. "आबांनी कालवलंय. दोन मापं. मी डोळ्यांनी बघितलं. आणि हिवाळ्यात कुणी साधं पेट्रोल घातलं तेही सांगते." मी बिल्ला साहेबांच्या हातात दिला. "हा आमच्या टाकीच्या तळाला निघाला. आमच्या घरात ओंडके नाहीत आणि बिल्लेही नाहीत."

वखारवाल्याने मान लांब करून पाहिलं. "हा माझाच कशावरून? पत्र्याचा तुकडा आहे. कुठेही सापडेल."

"तुमच्या ओंडक्यांवर असतात असे."

"माझे सगळे बिल्ले ओंडक्यांवर आहेत, बाई. एकही कमी नाही. बायकांनी उगाच मशिनीत डोकं घालू नये."

साहेबांनी बिल्ला मला परत दिला. "तुमची भांडणं घरी. मला रस्ता मोकळा हवाय. मशीन चालतं का तेवढं दाखवा."

राग असा आला की डोळ्यांपुढे पाणी. न्याय मागितला आणि हातात पत्र्याचा तुकडा परत. पण आबा पुढे झाले होते. त्यांनी कटर जमिनीवर ठेवलं, त्यावर पाय रोवला, दोरी धरली. बोटं पांढरी पडली होती, म्हणून दोरीची मूठ मनगटाला गुंडाळली. ओढली. काही नाही. दुसऱ्यांदा ओढली. कोणीतरी खोकलं. तिसऱ्यांदा एक फट् झालं आणि विझलं. वखारवाला खुर्चीतून उठायला लागला. आबांनी एक श्वास घेतला आणि चौथ्यांदा ओढली.

मशीन पेटलं. असा आवाज झाला की झाडावरचे उरलेसुरले कावळे उडाले. निळा, ओशट धूर निघाला, तेलाचा. आबांनी तो हुंगला आणि पातं बुंध्याला लावलं. भुसा त्यांच्या पायांवर पिवळा सांडत राहिला. तासाभरात पहिला काप आरपार गेला आणि वृक्षाचं डोकं धडापासून सुटलं. साहेब म्हणाले, "उद्यापासून काठाचं काम तुमचं." वखारवाला तोवर गेलेला होता. खुर्ची तेवढी तिथेच राहिली.

दुपारी आम्ही सावलीत भाकरी खायला बसलो तर मुकादम आला. इकडेतिकडे बघत माझ्याजवळ वाकला. "वहिनी, तो बिल्ला द्या. मालकांनी मागितलाय."

"कोणता?"

"तोच, एकशे सत्तेचाळीस."

"तो तर तुमचा नाही ना? तुमचा एकही कमी नाही."

मुकादम हळू आवाजात म्हणाला, "आमचाच आहे, वहिनी. बिल्ल्यांच्या हिशेबात कमी पडतोय. द्या आता."

"ऐकू आलं नाही. मशीनच्या आवाजाने कान बसलेत. मोठ्याने सांगा."

आजूबाजूची माणसं खायची थांबली होती. साहेबांचा चपराशीही बघत होता. मुकादमाच्या मानेवर घाम आला.

"आमचा आहे!" तो चिडून ओरडला. "वखारीचा आहे, झालं?"

"झालं," आबा म्हणाले. त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "ऐकलं सगळ्यांनी. आता मालकांना सांग, मशीन तू माझ्या दारात उलटं टाकलंस. ते काम संपलं की मी त्याच दारात सरळ ठेवणार आहे. बिल्ला हवा असेल तर त्यांनी स्वतः यावं आणि मागावा. माणूस पाठवू नये."

मुकादम गेला. मागून कुणीतरी शीळ घातली.

नवरा एवढा वेळ भाकरीचा तोच घास धरून बसला होता. तो उठला, पेट्रोलची रिकामी बाटली घेऊन मोठ्या डब्याकडे गेला आणि भरून आणली. आबांसमोर उकिडवा बसला. आबांनी खिशातून माप काढलं. बोटं अजून थरथरत होती, मशीनने आणखीच. तेल भरताना दोन थेंब बाहेर सांडले. नवऱ्याचा हात सवयीने माप घ्यायला पुढे आला, आणि मधेच थांबला. मग त्याने तोच हात बाटलीखाली नेला आणि बाटली घट्ट धरून बसला, हलू न देता. मान मात्र वर केली नाही. आबांनी त्याला 'असू दे' म्हटलं नाही. इतक्यात म्हणणारही नाहीत, आणि म्हणू नयेच.

आबांनी माप बाटलीच्या तोंडाशी नेलं. मी पाठ वळवली आणि कालव्याच्या पाण्याकडे बघत उभी राहिले. किती मापं पडली ते मला ठाऊक नाही.